परवाना अर्ध्या रस्त्यापुरता

आपली आई क्लाइड नावाच्या कुणा गृहस्थाबरोबर हिंडते, ही बातमी हॅरलनला न्हाव्याच्या खुर्चीत कळली आणि तो अर्ध्या हजामतीवरच उठला. आई विधवा, वय एक्याऐंशी, घर तिच्या नावावर. क्लाइडचा त्या घरावर डोळा असणार, याबद्दल हॅरलनला तिळमात्र शंका उरली नाही. आईला नादी लावून तो तिला देशोधडीला लावण्याआधी खासगी गुप्तहेर नेमायचा, असं त्याने ठरवलं.

हॅरलन काही भोळा सांब नव्हता, निदान स्वतःच्या मते. सगळी हयात विमा कंपनीत गेलेली. दुधाची बाटलीसुद्धा तो तारीख वाचल्याशिवाय उचलत नसे. ड्वेन पर्डी नावाच्या गुप्तहेराचा परवाना त्याने सरकारी संकेतस्थळावर शोधला. परवाने देणाऱ्या मंडळाला पुन्हा पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. परवान्यावरच्या फोटोतल्या मिशा समोरच्या मिशांशी ताडून पाहिल्या. एवढं केल्यावर माणसाने निश्चिंत व्हावं की नाही? परवाना टेनेसी राज्याचा होता आणि गावाच्या मुख्य रस्त्यावर पिवळ्या रेघेपाशी टेनेसी संपून व्हर्जिनिया सुरू होत होतं, एवढंच काय ते शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

सोमवारी आई घरातून निघाली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. तिच्यामागे निघालेला पर्डी मात्र रेघेवर येऊन थबकला.

“अहो, थांबलात काय? ती चालली!” हॅरलन गाडीतून ओरडला.

“सर, पलीकडे काम केलं तर माझा परवाना जाईल.”

“कोण बघतंय इथे?”

“हे तुम्ही म्हणताय? मंडळाची बाई आता तुम्हाला आवाजावरून ओळखते!”

हॅरलन गाडीतून उतरला. काळा चष्मा चढवून तो स्वतःच आईच्या मागे निघाला.

मग रोजचंच झालं. रेघेपर्यंत पर्डी, रेघेपलीकडे हॅरलन. आणि आईच्या पायाला तर जणू भिंगरी लागलेली! टपालाची तिकिटं आणायला पलीकडे, ती चिकटवायला अलीकडे, पाकीट टाकायला पुन्हा पलीकडे. धाप लागून हॅरलनची पुरेवाट झाली. टपालपेटीआड लपलं तरी आपलं पोट बाहेरच राहतं, हेही त्याला नव्याने समजलं.

शुक्रवारी आई पलीकडच्या खानावळीत एकटीच बसली. हॅरलन कोपऱ्यात मेनूआड दडला.

“हॅरलन, ते खाली ठेव आणि इकडे ये. तुझ्यासाठी पीच पाई सांगितलीय.”

चोरासारखा तो तिच्यासमोर जाऊन बसला. “तुला कधी कळलं?”

“सोमवारीच. काळा चष्मा तुझ्या वडिलांनाही शोभत नव्हता.”

“पण आई, तो क्लाइड...”

“त्याची चौकशी मी केव्हाच केलीय. त्याच्या दोन्ही आधीच्या बायकांना भेटून आले. चांगला आहे म्हणाल्या, फक्त घोरतो.”

“मग तुझे गुडघे दुखत असताना रस्त्याच्या एवढ्या फेऱ्या कशाला?”

आईने चमच्याने पाईचा तुकडा तोडला. “अलीकडे असले की मागे तो मिशीवाला असतो. पलीकडे आले की तू येतोस. ईस्टरपासून तोंड दाखवलं होतंस का?”

हॅरलनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीबाहेर पर्डी भर उन्हात रेघेवर उभा होता.

“त्याला आजच काढून टाकतो,” हॅरलन कसाबसा म्हणाला. “उद्यापासून रोज मीच येत जाईन.”

“तू ये रे, पण त्याला राहू दे,” आई म्हणाली. “तो वेळेवर येतो.”