शंभर दाण्यांचे साळवे सर

साळवे सर हरभरा आणायला गेले की आधी फक्त शंभर दाणे घरी आणतात. मोजून. ते ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि आठव्या दिवशी दुकानात जाऊन सांगतात, हरभरा घेणार की नाही ते.

आमच्या कोपऱ्यावरचे किराणावाले रफिकभाई आता याला सरावले आहेत. पहिल्यांदा मात्र त्यांनी गल्ल्यावरून उठून विचारलं होतं, "सर, खाने का है कि बोने का?"

"रफिकभाई, जे उगवत नाय ते मी खात नाय."

त्या आठवड्यात एक्क्याऐंशी दाण्यांना कोंब आले. सरांनी दोन किलो हरभरा घेतला. तूरडाळ मात्र ते न तपासता घेतात. डाळ उगवत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल त्यांना मत नाही.

आमची सोसायटी सिडकोत. सर दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. त्यांची सगळी नोकरी बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत झाली. गावोगावच्या पोत्यांतून नमुने यायचे. त्यातले दाणे शंभराच्या हिशेबानं ओल्या कागदावर मांडायचे, ठरलेल्या दिवशी कोंब मोजायचे, आणि आकडा कमी आला तर तो अख्खा लॉट नापास करायचा. हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण लॉट नापास करायची सवय सुटलेली नाही.

मी सोसायटीची सेक्रेटरी. माझ्या पहिल्याच सभेला चाळीस घरांतून तेरा माणसं आली. सरांनी मान फिरवून मोजली आणि मोठ्यानं म्हणाले, "उगवण बत्तीस टक्के. लॉट नापास, सेक्रेटरी ताई." सभा तहकूब करावी लागली. एका लग्नात तर अक्षता हातात पडल्यावर त्यांनी चष्मा पुसून तांदळाची जात ओळखली, आणि तोवर मंगलाष्टकं संपली. त्यांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. साळवे काकू म्हणाल्या, "नवरा-नवरी दोघं बिनअक्षतांचेच गेले ह्यांच्याकडून."

त्यांच्या दारावरची पाटी बघण्यासारखी आहे. 'य. का. साळवे, बी.एस्सी. (कृषी)'. रंगाऱ्यानं आधी चुकून 'शेती' लिहिलं होतं. सरांनी त्याला चहा पाजला आणि पुन्हा रंगवायला बसवलं. "शेती माणूस करतो. कृषी शिकतो. चार वर्षं, आठ सेमिस्टर. माती, बी, कीड, पाणी, यंत्रं, बाजार, समदं. डॉक्टरला कुणी म्हणतं का, की ह्यो दुखणं शिकला?"

हा माणूस नुसता विक्षिप्त आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. माझं मत बदललं ते फाटकाजवळच्या झाडांमुळे. सोसायटीची सहा शोभेची झाडं एका पाठोपाठ एक वाळत चालली होती. मी दोन नर्सरीवाल्यांना बोलावलं, दोघांनी खतं सांगितली, मी ती घातली, झाडं आणखी वाळली. तेव्हा सर खुरपं घेऊन उतरले. सहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखे खड्डे घेतले, कडेची माती खरवडून एकत्र केली, आणि क्लबरूममधला कॅरम बोर्ड आणून त्यावर ओतली. मातीचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले मिसळले, परत चार भाग. मुलं सोंगट्या हातात घेऊन उभी. शेवटी पसाभर माती उरली. ती कागदात बांधून त्यांनी माझ्यासमोर धरली.

"माती पास आहे, ताई. पण इथं तुमचे लोक गाड्या धुतात. त्या साबणाचं पाणी कुठं जातं बघा."

मी बघितलं. सगळं पाणी झाडांच्या बुडाशी जात होतं. गाड्या धुवायची जागा बदलली आणि दोन महिन्यांत सहापैकी पाच झाडं सावरली. सहाव्याबद्दल सर आजही हळहळतात. कॅरम बोर्डाबद्दल मुलं हळहळतात.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. कुणी सहज विचारलं, "सर, तुमचं शेत कुठंशी?" तर ते म्हणायचे, "आख्खा जिल्हा." आणि लगेच दुसरंच काही बोलायला लागायचे.

आता ऋतुजाचं सांगते. ऋतुजा माझी मुलगी. बारावीला तिला चांगले गुण पडले. मी आधीच एक वही केली होती. डाव्या पानावर इंजिनिअरिंगची कॉलेजं, उजव्या पानावर फार्मसीची. ऋतुजानं वही बघितली, मिटली आणि म्हणाली, "आई, मला अ‍ॅग्री करायचंय."

माझे यजमान अनिल यांच्या हातातला घास तसाच राहिला. आमची सोयगावला वडिलोपार्जित शेती आहे. ती अनिलचा धाकटा भाऊ दत्ता बघतो. "शेतातनं बाहेर पडायला आमच्या दोन पिढ्या गेल्या," अनिल म्हणाले, "आणि ही चालली परत तिकडंच. हे त्या साळव्यांचं काम आहे."

काम त्यांचंच होतं. दहावीपासून ऋतुजा खाली जाऊन त्यांच्या गोणपाटातले कोंब मोजत होती. मला वाटायचं, ती गणितातल्या शंका विचारायला जाते.

अर्ज भरायला पंधरा दिवस होते. घरात रोज तोच विषय. अनिल नाही म्हणत, ऋतुजा जेवत नसे, आणि निर्णय माझ्यावर येऊन थांबला होता. चुकले असते तर मुलीची चार वर्षं गेली असती, आणि ती मला कुठल्याही वहीतून परत देता आली नसती. मी तडक दुसऱ्या मजल्यावर गेले.

"सर, मला यादी द्या. हे शिकून माणूस पुढे काय काय होतो? एकाखाली एक लिहून द्या."

सर विचारात पडले. "यादी? बरं. रविवारी देतो."

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. दारात सर, आणि त्यांच्यामागे जिन्यावर सात माणसं. "ही घ्या यादी," सर म्हणाले.

हे सगळे कधी ना कधी शिकत असताना प्रयोगशाळेत प्रशिक्षणाला आलेले होते. दाणे कसे मांडायचे ते सरांनी त्यांना शिकवलेलं. सरांनी सगळ्यांना आमच्या दिवाणावर आणि सोफ्यावर ओळीनं बसवलं आणि तोंडी परीक्षेसारखं एकेकाला उठवलं. "नाव, गाव, काय करतो. लांबण लावू नको."

एक बँकेत शेती अधिकारी होता. एक राज्यसेवेतून तालुक्याला कृषी अधिकारी झालेली. एक केळीची रोपं काचेच्या बाटलीत वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत. तो इतका लाजरा, की बाटली म्हणाला आणि खाली बसला. सिल्लोडचा एकजण स्वतःचं कृषी सेवा केंद्र चालवत होता. त्याला सर म्हणाले, "डिग्रीशिवाय ह्याला लायसन्स भेटलं नसतं. सांग ताईला." तो उठला, "डिग्रीशिवाय भेटलं नसतं, ताई," असं म्हणून बसला. एकजण ठिबकचे आराखडे काढायचा, एकजण तुरीच्या नव्या वाणावर पीएच.डी. करत होता. खुलताबादकडची एक तरणीताठी बाई तुती लावून रेशमाचे किडे पाळायची. तिनं येताना मोठा डबा आणला होता. अनिल इतका वेळ तोंड फिरवून पेपर वाचत होते. पण डबा दिसल्यावर नाश्ता समजून त्यांनी तो उघडला. आत पांढरे शुभ्र कोष. अनिल दचकले, आणि मग उत्सुकतेनं एक कोष कानाशी धरून हलवायला लागले.

"वाजतंय का?" त्या बाईनं विचारलं.

"वाजतंय."

"आत किडा हाय. ह्यातनं हजार मीटरच्या आसपास धागा निघतो, भाऊ."

अनिलनी पेपर खाली ठेवला. पुढचा अर्धा तास प्रश्न विचारणारे तेच होते. मी स्वयंपाकघरात दहा माणसांचे पोहे करत होते आणि ऋतुजा दाराआडून माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हणाले, "बघतेस काय? शेंगदाणे तळ." तिला कळलं.

अर्ज भरताना सर शेजारी बसले होते. कागदांची यादी माझ्याकडे तयार होती: गुणपत्रक, दाखला, रहिवासी, आणि सातबारा. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना या प्रवेशात काही जादा गुण मिळतात. दत्ता भाऊजींनी सोयगावहून सातबारा पाठवला होता. मी तो लावता लावता सहज म्हणाले, "तुम्हालाही तेव्हा याचा उपयोग झाला असेल."

सरांनी सातबारा हातात घेऊन त्यावरची नावं वाचली.

"आमच्या नावावर काय नव्हतं, ताई. बाप सालदार होता. सालभर एका मालकाच्या रानात राबायचा, पाडव्याला दुसरा मालक. त्याची पेरणी साऱ्या गावात नावाजलेली. पण शाळंत मास्तरनं विचारलं, पुढं काय शिकणार, तर मी म्हणलो, कृषी. वर्ग हासला. जमीन नाय त्यानं कृषी शिकून काय करावं? बिनसातबाऱ्याचा, नुसत्या मार्कावर लागलो परभणीच्या कृषी कॉलेजला."

मग ते ऋतुजाकडे वळले. "लाव तू. हक्काचा आहे तुझा. पन तेवढ्यावर बसू नको."

ऋतुजा बसली नाही. यंदा तिचं तिसरं वर्ष. दिवाळीच्या सुट्टीत सोयगावला गेली तर दत्ता भाऊजी हरभऱ्याच्या पेरणीच्या तयारीत. बियाणं गेल्या वर्षीचं, घरचंच. तिनं कुणाला न विचारता शंभर दाणे काढले, गोणपाटात गुंडाळले, आणि आठव्या दिवशी काकाला जाहीर केलं, "त्रेपन्न. लॉट नापास."

भाऊजींचा मला फोन. "वहिनी, पोरगी शिकायला घातली का फौजदार करायला? माझ्या बियाला माझ्याच घरात नापास करती!"

दोन दिवस काका-पुतणी बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी भाऊजींनी स्वतः शंभर दाणे मोजून पुन्हा लावले. एकावन्न आले. मग मात्र त्यांनी निमूट नवं बियाणं आणलं, त्यातल्या मूठभर दाण्यांची पुडी बसनं साळवे सरांकडे पाठवली, आणि सरांचा होकार येईपर्यंत पेरणी थांबवली. सगळं गाव पेरून मोकळं झालं होतं. होकार आला तेव्हा भाऊजींनी सरांनाच गावाला बोलावलं.

आम्ही सगळे गेलो. बहुतेक रान ट्रॅक्टरनं पेरायचं होतं. विहिरीकडचा अरुंद तुकडा तेवढा बैलांच्या तिफणीसाठी ठेवलेला. तिफणीवर, म्हणजे पेरणीच्या अवजारावर, एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. पेरणारा तिफणीमागं चालत मुठीतले दाणे त्यात सोडत जातो. पहिली मूठ कुणी धरायची याला आमच्याकडे मान आहे. भाऊजींनी दाण्यांची ओटी सरांच्या कमरेला बांधली.

"अवो, मी कशाला?" सर मागे सरले. "माझं काम कागदावरचं. मी आजवर रानात दाणा टाकलेला नाय."

"ज्यानं बी पास केलं त्यानंच मूठ धरायची," भाऊजी म्हणाले. "आज माझं ऐका."

सरांनी चपला बांधावर काढल्या. मूठ भरली, चाड्यावर धरली. भाऊजींनी बैल हाकले. दहा पावलं गेली, पंधरा गेली, आणि भाऊजी ओरडले, "सर, दाणा पडंना!"

मूठ गच्च मिटलेली होती. बोटं पांढरी पडली होती. सर चालत होते, पण मूठ उघडत नव्हती. ऋतुजा ढेकळं तुडवत त्यांच्या बाजूला गेली आणि आपला हात तिनं त्यांच्या हाताखाली धरला.

"सर, अंगठा सैल करा. करंगळीकडून सोडा."

"कमी-जास्त पडलं तर?"

"पडू द्या. आपलंच रान आहे."

दाणे पडायला लागले. आधी घोळक्यानं, मग एकसारखे. दुसऱ्या टोकाला बैल वळले तेव्हा भाऊजींनी रीतीप्रमाणे ओटी परत घ्यायला हात पुढे केला. पहिला फेरा झाला, मान झाला. सरांनी ओटीवर हात ठेवला. कुणाकडेही न बघता अगदी हळू आवाजात विचारलं, "अजून एक फेरा मारू का?"

"मारा की, सर," भाऊजी म्हणाले.

तो सगळा तुकडा साळवे सरांनी पेरला. अनिलनी एकदा घड्याळ बघितलं. मी त्यांना खूण केली, आणि आम्ही बांधावर नीट मांडी घालून बसलो.