रोवण्यातलं इंग्रजी

मुलाखतीच्या खोलीत रत्नपाल ताठ उभा होता आणि त्याच्या तोंडून नागझिऱ्याच्या जंगलातला एकेक प्राणी निघून चालला होता.

"व्हॉट डू टूरिस्ट्स सी हिअर?" हर्षिता मॅडमनी विचारलं.

"टायगर वॉज," रत्नपाल म्हणाला. "बायसन वॉज. बिअर वेंट."

"अँड नाऊ?"

"ऑल वेंट, मॅडम."

शेजारचे भुवनेश्वर साहेब खुर्चीत सावरून बसले. "अरे भाई, कुछ बचा है कि नहीं? लोग पैसा देके खाली झाड देखेंगे क्या?"

जागा गाईडची होती. पावसाळा संपून जंगल उघडलं की इंग्रजी बोलणारा एक माणूस हवा होता. रत्नपालला तिथली वाट न् वाट ठाऊक. गाडं अडलं होतं ते इंग्रजीपाशी. आपल्या नवऱ्यानं खाकी शर्ट घालावा आणि परदेशी पाहुण्यांना वाघ दाखवावा, ही अल्काची, त्याच्या बायकोची, हौस. अल्का उन्हाळ्यात काविळीनं गेली. हौस मात्र घरातच राहिली, आणि रत्नपालला ती जेवू देईना की झोपू देईना.

बरं, त्याला इंग्रजी येत नव्हतं असंही नाही. अर्धं येत होतं. गावात रोवणा लागला की बायका भाताच्या बांधीतल्या चिखलात वाकून, मागं मागं सरकत, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावतात. एकीनं गाण्याची ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. आधी म्हणणारी अल्का होती, बारावी पास. दोन पावसाळे तिनं त्या चालीत इंग्रजी घातलं. ती म्हणे, "आय गोऽऽ" आणि रांग म्हणे, "आय वेंट जी, आय वेंट!" ती म्हणे, "आय सीऽऽ" आणि रांग म्हणे, "आय सॉ जी, आय सॉ!" रत्नपालही बायकांच्या रांगेत वाकून उत्तरं देई. गावानं त्याला नावं ठेवली, ती त्यानं हसून घेतली. गाण्याला साथ देत नसे ती फक्त त्याची आई, पार्वताबाई. सुनेच्या अगदी शेजारी रोवत ती करवादे, "धान काय इंग्रजीत पिकते? कायले गो-गो करून राहिली, वं?"

तर असा हा विद्यार्थी, नुसत्या उत्तरांचा, म्हणजे नुसत्या भूतकाळाचा. वाकलो की आठवेल, असं त्याला वाटलं. साहेबांच्या देखत तो कमरेत वाकला, हवेतच पऱ्हे रोवत मागं सरकू लागला, आणि मागं माठ होता. माठ फुटला. पाणी वाहत साहेबांच्या बुटांशी आलं. बूट वाचवायला साहेबांनी पाय वर घेतले, ते टेबलाला लागले आणि चहा मॅडमच्या ओढणीवर सांडला.

मॅडम ओढणी पिळत हसू दाबत होत्या. "हू टॉट यू धिस इंग्लिश?"

"माय वाइफ टॉट," रत्नपाल खाली बघत म्हणाला.

अख्ख्या मुलाखतीत एवढं एकच वाक्य बरोबर होतं, आणि त्यातलाच भूतकाळ नेमका खोटा असता तर त्याला चाललं असतं. मॅडमनी ओढणी बाजूला ठेवली. "सोमवारी परत या," त्या हळूच मराठीत म्हणाल्या. "आजचं, आत्ताचं बोलायला शिकून या."

तिरोड्याहून त्यानं पुस्तक आणलं. पण पुस्तकाला चाल नव्हती, आणि चालीवाचून त्याच्या जिभेवर काही टिकेना. शेवटी तो बांधीत गेला. यंदाचा रोवणा मुकाच चालला होता. अल्काची जागा कुणी घेतली नव्हती. ताल नव्हता, म्हणून पऱ्ह्यांच्या ओळीही वाकड्या पडत होत्या.

"चमेलीकाकू, अल्का आधी काय म्हने, सांग ना."

चमेली कंबर धरून उभी राहिली. "बाप्पा, आमाले तं वेंटच येते. आधीचं कानावरून गेलं, ते तिचं तिलेच ठाऊक."

"सॉ येते," दुसरी म्हणाली. "त्याच्या आधीचं नाई येत."

अख्ख्या रांगेला उत्तरं पाठ होती आणि विचारणारी कुणीच उरली नव्हती. रत्नपालला आता हसावं की रडावं कळेना. तो रांगेत शिरला, वाकला आणि रोवू लागला.

थोड्या वेळानं रांगेच्या टोकाकडून चिरका, बेसूर आवाज आला.

"आय गोऽऽ"

बायकांचे हात थांबले. पार्वताबाई मान वर न करता रोवत होती. हेल थेट सुनेचा होता.

"आय वेंट जी..." बायकांनी कसंबसं म्हटलं. सगळ्यात आधी शिकलेलं उत्तर ते, आणि तेच रत्नपालला देता येईना. चिखलात टपटप काही पडलं, तेवढंच.

"आता काऊन मुका झाला?" म्हातारी ओरडली. "दोन साल माह्या कानाशी गो-गो करून डोकं खाल्लं तिनं. फुकट जाऊ देऊ का ते? उद्यापासून तू म्हनजो आधी, मी देतो उत्तर."