निर्वात कोठीतला तवा

बायको संध्याकाळी माहेराहून परत येणार होती आणि तिच्या लोखंडी तव्यावर पाच खोल ओरखडे होते. नवऱ्याने सकाळी त्यावर अंडं करपवलं आणि ते स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलं होतं. बारा वर्षं वापरून तवा काळाभोर, गुळगुळीत झाला होता. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, एवढा एकच नियम तिने घरात केला होता.

नवरा कारखान्यात इलेक्ट्रॉन झोताच्या यंत्रावर ऑपरेटर होता. पोलादी कोठीत धातूची वस्तू ठेवायची, पंपाने आतली हवा काढायची आणि झोत फिरवायचा. वरचा पातळ थर क्षणभर वितळून लगेच थिजतो आणि ओरखडे जातात. साच्यांचे जातात, तर तव्याचे का नाही? जेवणाच्या सुट्टीत त्याने तवा कोठीत ठेवला आणि पंप सुरू केला.

हवेचा दाब दाखवणारा काटा अर्ध्यावर येऊन अडला. तव्यात बारा वर्षांचं तेल मुरलं होतं, ते आता वाफ होऊन सावकाश बाहेर पडत होतं.

तेवढ्यात साहेब एका गिऱ्हाइकाला घेऊन आले.

"पंप का घरघरतोय?"

"गळती शोधतोय, साहेब."

गळती म्हटलं की साहेबांना चेव येई. त्यांनी दोन फिटर बोलावून प्रत्येक सांध्यावर स्पिरिट शिंपडायला लावलं. तासाभरात गळती काही सापडली नाही, पण तेल संपलं आणि काटा खाली आला.

"बघा, सापडली," साहेब म्हणाले.

गिऱ्हाइकाने कोठीच्या काचेला डोळा लावला. "आत तवा आहे."

साहेबांनी ऑपरेटरकडे बघितलं, ऑपरेटरने जमिनीकडे.

"मुद्दामच ठेवलाय," साहेब म्हणाले. "चांगल्या पोलादावर काय, कुणीही करून दाखवेल. चालवा हो."

तवा आरशासारखा निघाला. गिऱ्हाइकाने त्यात स्वतःचे दात बघितले आणि चाळीस साच्यांचं काम तिथेच दिलं. "एवढा नमुना मी नेतो."

"साहेब, तो जरा..."

"न्या, न्या," साहेब म्हणाले.

बायकोने चपला न काढताच सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांना फोन लावला.

"तुम्ही माझा तवा देऊन टाकलात म्हणे."

"वहिनी, तो आता तवा राहिलेला नाही. फार वरच्या दर्जाचा पृष्ठभाग झालाय."

"उद्या सकाळी आणून द्या."

सकाळी तवा फोमच्या पेटीतून आला. सोबत तपासणीचा कागद होता: चकाकी उत्तम, कठीणपणा पूर्वीच्या तिप्पट. बायकोने त्यावर एक अंडं फोडलं. ते असं चिकटलं की अकरा तुकड्यांत निघालं.

"याला आता पुन्हा तेल पाजायचं," ती म्हणाली. "रोज. मला बारा वर्षं लागली होती."

"मी करतो."

"तुम्हीच करायचंय."

तिने खुर्ची ओढली आणि शेगडीजवळ बसली. त्याने तव्यावर तेल ओतलं.

"एवढं नको. पुसून घ्या."

त्याने पुसलं. "बारा वर्षं फार होतात गं."

"होऊ देत," ती म्हणाली. "मी कुठे जातेय?"

त्याने गॅस बारीक केला.