ताऱ्यामागे: श्री. रायाप्पा

माणूस येतो आणि जातो, चॅनलचा लोगो मात्र आपल्या कोपऱ्यातून हलत नाही, हे सत्य आमच्या गावाला २०१४ साली उमगलं. त्याआधी आम्ही अज्ञानी होतो. टीव्ही चित्र बघण्यासाठी असतो असं समजत होतो.

आमचं गाव निपाणी आणि चिकोडीच्या मधलं. गावात पहिला टीव्ही आमच्याच घरी आला, तेव्हा मी दोन मुलांची आई होते. त्या टीव्हीवर चित्र असं फार नसायचं, मुंग्या असायच्या. माझे धाकटे दीर रायाप्पा माळवदावर चढून अँटेना फिरवायचे आणि खालून आम्ही "आलं, आलं, गेलं" असं ओरडायचो. पण पडद्याचे चारही कोपरे स्वच्छ असायचे. मुंग्यासुद्धा चारही कोपऱ्यांत सारख्या वाटलेल्या असायच्या. त्या काळात एक न्याय होता.

पुढे गावातल्या नागेंद्रने केबल आणली आणि केबलबरोबर स्वतःचं चॅनल काढलं. नाव ठेवलं ध्रुवतारा. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक सोनेरी तारा आला. सुरुवातीला तो बत्ताशाएवढा होता. दर दिवाळीला थोडा थोडा वाढत तो भाकरीएवढा झाला. (चॅनलची प्रगती मोजायचं दुसरं साधन नागेंद्रकडे नव्हतं.)

या ताऱ्याने गावाची जी सेवा केली तिची नोंद कुणी घेतली नाही म्हणून मी घेते. कुस्तीच्या मैदानात शेवटी पंच कुणाचा हात वर करतो, तो हात नेमका ताऱ्याआड जायचा. त्यामुळे दोन्ही पैलवानांच्या घरी पेढे वाटले जायचे आणि गावात शांतता राहायची. पीकसल्ल्याच्या कार्यक्रमात तंबाखूवरच्या अळीचा फोटो त्याच कोपऱ्यात दाखवत. सबब अळी सोनेरी आणि पाच कोनांची असते असं मानणारी एक पिढी आमच्या शिवारात तयार झाली. (ती पिढी आता ऊस लावते.) मी केलेल्या पाहणीनुसार गावातल्या निम्म्या लोकांना तारा आवडत नव्हता आणि उरलेल्या निम्म्यांना तो काचेवरचा डाग वाटत होता. ते रोज पुसत. पाहणी आमच्या कट्ट्यावर, लसूण सोलता सोलता झाली, तेव्हा तिच्यात चूक असण्याचा संभव कमी.

२०१४ साली गावात पंचकल्याणक पूजा ठरली. आमच्या जैन लोकांत या पूजेत सौधर्म इंद्र होण्याचा मान सगळ्यांत मोठा. इंद्राने मुकुट घालायचा, बालतीर्थंकरांची मूर्ती घेऊन हत्तीवर बसायचं आणि साऱ्या गावातून मिरवत जायचं. त्या वर्षीच्या सवालात, म्हणजे मानासाठी लागणाऱ्या बोलीत, हा मान रायाप्पांना मिळाला. हत्तीवर इंद्रामागे बसणारी इंद्राणी अर्थातच त्यांची बायको, माझी जाऊ शालन.

रायाप्पा जन्मभर मागच्या रांगेत बसलेले माणूस. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते अर्धे आहेत. मग हा सवाल त्यांनी का घेतला, तर आक्कासाठी. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण मनुबाई, चिकोडीला दिलेली. आई लवकर गेल्यावर रायाप्पांना तिनेच वाढवलं. लहानपणी अशाच एका पूजेत ती त्यांना खांद्यावर घेऊन हत्ती दाखवायला गेली होती. हत्तीने सोंड हलवली आणि रायाप्पांनी तिच्या पाठीवरच जे करायचं ते केलं. तेव्हापासून सत्तर वर्षं घरात काही धाडसाची गोष्ट निघाली की आक्का म्हणायची, "ह्यो? ह्यो हत्तीला भेतंय."

आता आक्का खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. गावाला येणं शक्य नव्हतं. पण नागेंद्रची वायर चिकोडीपर्यंत गेली होती आणि मिरवणूक थेट दाखवणार होते. आक्काची नातसून क्षमा हिने टीव्ही उचलून तिच्या पायाशी आणून ठेवला.

मिरवणूक दृष्ट लागण्यासारखी झाली. रायाप्पा हत्तीवर बसले ते उतरेपर्यंत हललेसुद्धा नाहीत. (भीतीने की भक्तीने, हा प्रश्न आम्ही घरच्यांनी विचारला नाही.) नागेंद्रच्या कॅमेरावाल्याला सक्त ताकीद होती की सोंडेपासून शेपटीपर्यंत अख्खा हत्ती दिसला पाहिजे. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहिला आणि त्याने अख्खा हत्ती बसवला. एवढा मोठा प्राणी चौकटीत बसवायचा तर त्याच्यावरचा माणूस साहजिकच वर जातो. आणि हत्ती डावीकडून उजवीकडे चालला होता, तेव्हा पुढे बसलेला माणूस उजवीकडे जातो. वर आणि उजवीकडे काय असतं ते मी सांगितलंच आहे.

संध्याकाळी क्षमाचा फोन आला.

"आज्जी इचाराय लागल्यात, रायाप्पा आजोबा हत्तीवर का बसलं न्हाईत?"

"बसले होते की. संपूर्ण वेळ," मी म्हणाले.

"हत्ती दिसला. शालन आज्जी दिसल्या. त्यांच्या म्होरं नुसता तारा. आज्जी म्हणाय लागल्यात, भ्यालं आणि शालनला एकटीला म्होरं घातलं."

रायाप्पांनी फोन घेतला आणि आक्काला मोठ्याने सांगितलं की मीच होतो. पलीकडून आक्काचं उत्तर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "फोनवर कुणीबी इंद्र हुतंय."

दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला. तिने तो हातात धरून पाहिला आणि परत दिला. "जत्रंत पुठ्ठ्याच्या हत्तीवरबी बसत्यात."

रायाप्पा दोन दिवस जेवले नाहीत असं नाही, पण भाकरी मोडून नुसती बघत बसत. "वहिनी," मला म्हणाले, "सत्तर वर्षांनी एकदा बसलो. तिनं बघितलं असतं म्हंजे झालं असतं."

मी रायाप्पांना घेऊन नागेंद्रकडे गेले. त्याने चहा मागवला आणि अडचण समजावून सांगितली. तारा आधी लागतो आणि मग चित्र उतरतं, मशीनच तसं आहे. ताऱ्याविना चित्र जगात कुठेही शिल्लक नाही.

"पण तो लावायचाच कशाला?" मी विचारलं.

"काकू, तुमच्या घागरीवर नाव हाय न्हवं? लग्नाकार्यात दुसऱ्याच्या घरी गेली तर परत याया पायजे म्हणून घालतासा. माझं चित्र तर रोज घरोघरी जातंय."

"नाव घागरीच्या पोटावर घालतात रं. तोंडाला बूच मारत नाहीत."

नागेंद्रने यावर बराच विचार केला आणि आणखी एक चहा मागवला.

शेवटी विषय पूजेच्या पंचकमिटीपुढे गेला. अध्यक्ष गोमटेश अण्णा. सभेत पुढीलप्रमाणे निर्णय झाले: मिरवणूक पुन्हा काढता येणार नाही, कारण हत्ती परत गेला आहे. तारा काढता येणार नाही, कारण नागेंद्र परत गेलेला नाही. सबब कार्यक्रमाचं पुनःप्रक्षेपण करावं, आणि ताऱ्याआड कोण आहे याचा खुलासा पडद्यावरच लेखी द्यावा.

त्याप्रमाणे रविवारी मिरवणूक पुन्हा लागली. पुनःप्रक्षेपण असल्यामुळे मशीनने नियमाप्रमाणे दुसरा तारा लावला, तो डावीकडे. त्याच्यामागे हत्तीची शेपटी गेली. खाली पट्टी आली: "ताऱ्यामागे: श्री. रायाप्पा, सौधर्म इंद्र." आमच्या भागात एका भाषेत सांगितलेली गोष्ट अर्धीच सांगितली असं धरतात, म्हणून तिच्याखाली तीच पट्टी कन्नडमध्ये. वर कुठली भाषा असावी यावरून वाद झाला नाही. तसले वाद बाहेरून आलेले पाहुणे करतात. आम्ही दोन्हीत वाचतो आणि दोन्हीत भांडतो.

दोन पट्ट्यांमुळे मिरवणुकीत पुढे चालणाऱ्या कलशधारी बायका गळ्यापर्यंत बुडाल्या. त्यांपैकी ज्या ठेंगण्या होत्या त्या पूर्ण बुडाल्या. सोमवारी सकाळी त्या गोमटेश अण्णांच्या दारात उभ्या राहिल्या. मागणी रास्त होती, म्हणून त्यांच्या नावांची तिसरी पट्टी मंजूर झाली: "पट्टीमागे: सौभाग्यवती अमुक, सौभाग्यवती तमुक." ही पट्टी सरकती होती. तिच्यामागे बँडवाले गेले. बँडवाल्यांची पट्टी उभी लावावी लागली, कारण आडवी जागा संपली होती. मग भोजन समितीचे लोक आले. ते मिरवणुकीत नव्हतेच, सगळा वेळ मांडवात बुंदी पाडत होते, पण त्यांचं म्हणणं असं की जे नाहीत तेही दिसत नाहीत आणि जे आहेत तेही दिसत नाहीत, मग आमच्यावरच अन्याय का. युक्तिवाद मान्य झाला. त्यांना वरची कड मिळाली.

तिसऱ्या रविवारी जेव्हा कार्यक्रम लागला तेव्हा पडद्यावर दोन तारे, सगळ्या गावाची नावं आणि मधोमध हत्तीचा एक कान होता. तो अधूनमधून हलायचा, त्यावरून कार्यक्रम चालू आहे हे समजायचं. गावाचं एकमत झालं की एवढं स्वच्छ प्रक्षेपण आजवर झालं नाही. प्रत्येकजण आपलं नाव येईपर्यंत बसायचा, आलं की उठून दिवा लावायला जायचा. तक्रार एकच आली, ती हत्तीच्या कानाबद्दल. त्याच्यामुळे एक नाव नीट वाचता येत नव्हतं.

शालन तेवढी हसत होती. "माझं तोंड पयल्या दिवशी समदा वेळ दिसत हुतं," ती भांडी लावता लावता म्हणाली. "कुणी बघितलं?"

तिकडे चिकोडीला आक्काला वाचता येत नव्हतं. क्षमाने तिला पट्टी वाचून दाखवली. "आज्जी, ताऱ्यामागं रायाप्पा आजोबा हाईत. लिवलंय तसं."

"लिवलंय?"

"दोन भाषांत."

आक्काने हात जोडले. छापून आलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास होता. तिची सगळी पिढीच तशी होती. "मग बसला म्हणायचा," ती म्हणाली.

हे आम्हाला कुणी कळवलं नाही. रायाप्पांनी दरम्यान आपल्या पद्धतीने निकाल लावायचं ठरवलं होतं. त्यांनी इंद्राचा मुकुट पिशवीत घातला, मला बरोबर घेतलं आणि आम्ही बसने चिकोडीला गेलो. आक्काच्या दारात त्यांनी पिशवीतून मुकुट काढला, डोक्यावर चढवला, मोती नीट केले आणि आत जाऊन तिच्या पायाशी, टीव्हीच्या बरोबर पुढे उभे राहिले. टीव्हीवर ध्रुवतारा चॅनलचा मिरचीच्या लोणच्याचा कार्यक्रम चालला होता.

आक्काने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सर रं जरा बाजूला. रायाप्पा दिसंना झालाय."

"आक्का, मीच रायाप्पा न्हवं?"

"ठावं हाय. तुला काय, दर सणाला बघतोय. त्यो बघ तिकडं." तिने लोणच्याच्या बरणीच्या वर बोट केलं. "पंधरा दीस झालं, रात न्हाय दीस न्हाय, अजून उतरला न्हाय हत्तीवरनं. आणि मी म्हणत हुतो, भेतंय."

रायाप्पा मुकुटासकट खाली बसले. आक्काने हात लांब करून त्यांची पाठ थोपटली, पण डोळे वरच्या उजव्या कोपऱ्यातून काढले नाहीत. मग आम्ही तिघांनी मिरचीचं लोणचं शेवटपर्यंत बघितलं.

त्यानंतर एकदाच घोटाळा झाला. पुढल्या पावसाळ्यात वीज पडून नागेंद्रचं मशीन बिघडलं आणि एक दुपारभर तारा आलाच नाही. चारही कोपरे मोकळे, पूर्वीसारखे. मी खुर्ची ओढून टीव्हीपुढे बसले. इतकं स्वच्छ चित्र मी पुष्कळ वर्षांत बघितलं नव्हतं. तेवढ्यात गावभरातून नागेंद्रला फोन गेले की चॅनल बंद पडलं आहे. चित्र दिसतंय का, असं त्याने विचारलं तर लोक म्हणाले, चित्र दिसतंय, पण चॅनल दिसत नाही. चिकोडीहून क्षमाचा फोन आला की आजोबा कुठं गेलेत विचारत आज्जीने ताट सरकवलं आहे. संध्याकाळच्या आत तारा परत आला. खरं सांगायचं तर मलाही जरा बरं वाटलं. त्या उघड्या कोपऱ्याकडे बघून डोळ्याला काहीतरी हरवल्यासारखं होत होतं.

आता कोण कुठे आहे ते सांगते. मनुबाई आक्का त्यानंतर तीन वर्षं जगली आणि रोज जेवताना कोपऱ्याकडे बघून "जेवलास काय रं" म्हणायची. नागेंद्रची केबल मोठ्या कंपन्यांच्या डिशपुढे टिकली नाही. तो आता लग्नांचं शूटिंग करतो, आणि गावातल्या दहा वर्षांतल्या कुठल्याही नवऱ्या मुलाचा उजवीकडचा कान कुणी पाहिलेला नाही. गोमटेश अण्णा पंचायतीवर निवडून आले. गावातल्या प्रत्येक फलकावर उजव्या कोपऱ्यात गोल करून त्यांचा चेहरा असतो आणि तो दर दिवाळीला थोडा वाढतो. क्षमा चिकोडीच्या शाळेत मुलांना वाचायला शिकवते. रायाप्पा परत मागच्या रांगेत बसतात, पण हत्तीचा विषय निघाला की खाकरतात. शालनला अजून कुणी विचारलेलं नाही. हत्तीचं पुढे काय झालं ते कळलं नाही; त्याचा कान मात्र मी कुठेही ओळखीन.

तुम्ही आक्काला हसलात, त्याचा राग नाही. आता एक काम करा. उठा आणि तुमच्या भिंतीवर हार घातलेला वडिलांचा फोटो आहे, त्याच्याजवळ जा. इतकी वर्षं काच पुसता, आज खालचा कोपरा नीट वाचा. सोनेरी अक्षरांत एक नाव आहे. फोटोवर तेवढं एकच नाव आहे, आणि ते तुमच्या वडिलांचं नाही, फोटो स्टुडिओचं आहे. तुमची नातवंडं लवकरच वाचायला शिकतील, आणि लिहिलेलं असेल तेच पणजोबांचं नाव म्हणतील.