आईची सायकल आणि माझं गावठी वंगण

आईच्या सायकलच्या चेनला तेल लावायचं, एवढंच मी ठरवलं होतं. इतर मुलं असं ठरवतात आणि लावून मोकळी होतात. मी आधी विचार करतो. (जर्मनीत पर्यावरणाचा अभ्यास करून देवळीला परत आल्यापासून मी प्रत्येक गोष्टीचा आधी विचार करतो. घरचे म्हणतात, न्हाणीघरातला बल्ब म्हणूनच अजून बदललेला नाही.)

आई पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकली, तीही माझ्याच आग्रहानं. बाबांनी हातपाय मोडण्याचं भाकीत केलं. बसस्टँडजवळ राहणारी माझी पंचफुला आत्या तर पोट धरून हसली. "वहिनी, सर्कशीत नाव टाकलं काय?"

त्या दिवसापासून आईनं एकच गोष्ट मनात धरली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत्याच्या दारात सायकलनंच जायचं आणि सगळ्या बायकांसमोर उतरायचं. अंगणातून गल्ली, गल्लीतून कापसाच्या जिनिंगचा रस्ता, असं करत ती निम्म्या गावापर्यंत पोचली होती.

मध्ये काही दिवस तिला समुद्रपूरला मामाकडे जावं लागलं. एसटीत चढता चढता ती म्हणाली, "चेन कुरकुर करून राह्यली रे अंकुश. जरा तेल टाकजो."

मी बाजारात गेलो. दुकानदारानं ग्रीस दाखवलं, मशीनचं तेल दाखवलं, फवाऱ्याचा डबा दाखवला. सगळं खनिज तेल. पृथ्वीच्या पोटातून काढलेलं. मी त्याला तसं सांगितलं. त्यानं डबा परत फळीवर ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी बाबा म्हणाले, "त्यात काय इतका विचार करतं? ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल पडलं हाये. टाक दोन थेंब."

"बाबा, ते जमिनीत मुरलं की पाण्यात उतरतं."

"चेनवर टाक म्हणलं मी, विहिरीत नाई."

मी स्वयंपाकघरात गेलो. खोबरेल थंडीनं बाटलीत गोठलेलं. शेंगदाण्याच्या तेलाला हात लावायची माझी हिंमत नव्हती. आणि मग फळीच्या मागच्या बाजूला मला जवसाच्या तेलाची बाटली दिसली. आपल्याच शेतातलं जवस, गावातल्या घाण्यावर काढलेलं. माझे डोळे पाणावले. (खरंच पाणावले. हे आता सांगताना लाज वाटते.)

मी चेन पुसून तेल लावलं. एका थरानं समाधान होईना म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. मग रोजच. आत नीट मुरावं म्हणून सायकल दिवसभर उन्हात उभी करत होतो. चेनवर मधासारखी झळाळी आली. मी फोटो काढून माझ्या जर्मनीतल्या प्राध्यापक बाईंना पाठवला. 'फारच छान' असं त्यांचं उत्तर आलं. बहुतेक त्यांनी फोटो उघडला नसावा.

आई परतली ती हळदीकुंकवाच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी दुपारी हिरवी साडी नेसून, पदर खोचून, हँडलला वाणाच्या स्टीलच्या वाट्यांची पिशवी अडकवून ती सायकलवर बसली.

"पायडल जड लागून राह्यलं रे."

"नवं तेल आहे. बसायला वेळ लागतो."

"तेलानं जड होते काय कधी?"

"चांगल्या तेलानं सुरुवातीला होतं." (हे मी इतक्या आत्मविश्वासानं म्हटलं की मलाही पटलं.)

आईलाही पटलं. शिकलेला मुलगा सांगतो म्हणून पटलं. ती जोर लावत निघाली आणि व्हिडिओ काढायला मी मागे पळत निघालो. जिनिंगच्या रस्त्यावर कापूस उडत होता. तो वरच्या चिकट थरावर बसत गेला आणि चेनची हळूहळू वात झाली. आत्याच्या फाटकाशी, ओट्यावरच्या सगळ्या बायका पाहत असताना, चेन कडकड करून उडाली. पायडल रिकामं फिरलं आणि आई सायकलसकट आडवी झाली. वाट्या घरंगळत थेट आत्याच्या पायाशी गेल्या.

"मी म्हणलं होतं ना, वहिनी," आत्या वाट्या गोळा करत म्हणाली. "या वयात कायले करा लागते हे?"

सगळ्या हसल्या. आईही हसली. कोपर खरचटलं होतं, ते पदराखाली झाकून तिनं हळदीकुंकू घेतलं, तिळगूळ घेतला आणि सायकल ढकलत घरी आली. वाटेत ती एकदाच बोलली.

"तुये बाबा बरोबर म्हणत होते. माया पायातच जोर नाई."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण चेन का उडाली हे मलाही तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते दुसऱ्या दिवशी, चेन काढून पाहिली तेव्हा. ती वाकेना. जमिनीवर ठेवली तर कडं उभं करावं तशी उभी राहिली. बोटानं चाचपली आणि सहज समोरच्या दाराकडे लक्ष गेलं. दर दिवाळीला आई त्या दाराला जवसाचं तेल पाजते. ते वाळून काचेसारखं कडक होतं. त्या दाराची झळाळी मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

आणि मी गप्प राहिलो. आई अंगणाकडे बघेनाशी झाली, तरी मी गप्प. सायकल बोरगाव मेघेला राहणाऱ्या आकांक्षाला, म्हणजे माझ्या पुतणीला द्यायचं तिनं ठरवलं, तेव्हाही गप्प. शेवटी आकांक्षाचा बाप, माझा चुलतभाऊ मुकेश, टेम्पो घेऊन आला आणि त्यानं सायकल वर चढवली. आई पदरानं सायकलचं सीट पुसत होती. एकदा पुसून झाल्यावर तिनं ते पुन्हा पुसलं. मग मला राहवलं नाही. मी तेल, ऊन, दार, सगळं सांगून टाकलं.

आई सीट सोडून माझ्याकडे वळली.

"म्हणजे मी पडली नाई. तू पाडलं मले."

"हो."

"सायकल उतरव रे मुकेश," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला की मला भीतीच वाटली. "आन अंकुश, तू चपला घाल."

आत्याच्या घरी शेजारच्या बायका वाती वळत बसल्या होत्या. आईनं मला मधोमध उभं केलं आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. बाटली कुठे होती ते सुद्धा सांगितलं.

"काऊन रे," आत्यानं विचारलं, "जर्मनीत हेच शिकवते काय?"

"नाई बाई," आईनं माझी बाजू घेतली. "हे त्यानं आपल्या मनानंच केलं."

नवी चेन बसली. तिला तेल आईनंच घातलं, दुकानातलं, दोन थेंब. मी नुसता फडका पुढे केला, तोही तिनं घेतला नाही. पुढच्या आठवड्यात ती आत्याच्या फाटकाशी घंटी वाजवून उतरली आणि त्यानंतर गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात सायकल शिकायला येऊ लागल्या. आत्यासुद्धा.

आत येण्याआधी प्रत्येक बाई फाटकातून आईला हाक देते, "कोकिळाबाई, अंकुश हाये काय घरी?" सुरुवातीला मला फार बरं वाटलं. मी लगबगीनं फडका घेऊन बाहेर यायचो, आणि त्या आपापल्या सायकली वळवून निघून जायच्या. आता हाक आली की आई आतून ओरडते, "या ना, तो बाहेर गेला हाये," आणि मी न्हाणीघरात जाऊन अंधारात बसतो.