ज्यूरीच्या खोलीतलं पुडिंग

लायल पकेट याच्यावरील खुनाच्या खटल्यात दोन्ही बाजूंचे वकील बोलून दमले, बारा जणांची ज्यूरी निर्णय घ्यायला आतल्या खोलीत गेली आणि टकर्स फोर्ड या आमच्या गावातली बाकीची सर्व कामं आपोआप तहकूब झाली. न्हाव्याने दुकानाला कुलूप लावलं. चर्चमधल्या बायका उकडलेल्या शेंगा घेऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. मी गावच्या साप्ताहिकाचा एकमेव बातमीदार असल्यामुळे मला तेवढं काम होतं, ते म्हणजे या सगळ्यांबरोबर बसणं.

प्रकरण साधं होतं. तळ्यावरच्या धक्क्यावर बोटीच्या मोटरीवरून वाद झाला, गोळी उडाली आणि मयत इसम जागीच मयत झाला. बंदूक लायलची होती, हे लायललाही मान्य होतं. गोळी त्याने मुद्दाम झाडली की झटापटीत उडाली, एवढंच, पण बाराही जणांच्या एकमताने, ठरायचं होतं. मुद्दाम असेल तर जन्मठेप, नसेल तर लायल संध्याकाळी जेवायला घरी.

कोर्टाच्या बोळात दोन बाकं होती. एका बाकावर लायलची आई, व्हर्लीन पकेट. हिने शाळेच्या स्वयंपाकघरात अर्ध्या गावाला जेवू घातलं होतं, त्यामुळे तिच्याभोवती मैत्रिणींची गर्दी होती. दुसऱ्या बाकावर मयताची बहीण नेडिन, मांडीवर पर्स घेऊन एकटीच.

ज्यूरीला बाहेरच्या माणसाशी बोलायची सक्त मनाई असते. काही हवं असेल तर चिठ्ठी लिहायची आणि दार ठोठावायचं. चिठ्ठी कोर्टाचा शिपाई, म्हणजे बेलिफ, होइट टिस्डेल घेतो, पण ती वाचली जात नाही. आरोपी, दोन्ही वकील, लघुलेखिका असे सगळे कोर्टात हजर झाले की मगच जज ट्रॅविकबाई ती मोठ्याने वाचतात, कारण आरोपीच्या पाठीमागे काही घडता कामा नये. नियम उत्तम आहे. त्यात गैरसोय एवढीच, की निकाल लागला तरी दार ठोठावतात आणि पाणी संपलं तरी दारच ठोठावतात.

पहिल्यांदा दार वाजलं तेव्हा व्हर्लीन उभी राहिली आणि तिच्या हातातला रुमाल खाली पडला. लायलला कोठडीतून आणलं, बेड्या काढल्या, कोटाची बटणं लावायला लावली. जजबाईंनी चिठ्ठी उघडली.

"खोलीत एसी फार गार आहे."

आरोपीच्या वकिलांनी विनंती केली की तापमान दोन अंश वाढवावं, कारण कुडकुडणारी माणसं निर्दय होतात. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, की उबेत माणूस सैल पडतो. उभयतांचा युक्तिवाद ऐकून एक अंश वाढवण्याचा आदेश झाला.

"मला वाटलं, संपलं सगळं," व्हर्लीन बाकावर बसत म्हणाली.

"अहो मिस व्हर्लीन, तब्येत सांभाळा," होइट म्हणाला. "नुसता एसी होता."

नंतर पेन्सिलींसाठी दार वाजलं. मग एका पंख्याच्या कुरकुरीसाठी. प्रत्येक वेळी लायलच्या बेड्या निघाल्या आणि प्रत्येक वेळी ती माउली उठून उभी राहिली. मग जेवणाची वेळ झाली, आणि खटल्याला खरं वळण लागलं.

ज्यूरीचं जेवण समोरच्या डॉटच्या खानावळीतून सरकारी खर्चाने येतं. करारानुसार गोड पदार्थ सर्वांना एकच मिळतो: पीचच्या फोडींवर पीठ घालून भाजलेलं गरम कॉबलर किंवा गार केळ्याचं पुडिंग. दार वाजलं. सगळे जमले. जजबाईंनी वाचलं:

"गोडावर एकमत होत नाही. अकरा कॉबलर, एक पुडिंग. तो ऐकायलाच तयार नाही."

आरोपीचे वकील ताडकन उठले आणि ही ज्यूरी एकमत करायला असमर्थ असल्याने खटलाच रद्द करावा, असा अर्ज त्यांनी तोंडी केला. जजबाईंनी तो फेटाळला. अशा वेळी ज्यूरीला वाचून दाखवायची ठरलेली सूचना त्यांनी गंभीरपणे वाचली: एकमेकांचं मोकळ्या मनाने ऐका, मात्र केवळ लवकर सुटका व्हावी म्हणून आपलं प्रामाणिक मत सोडू नका. ज्यूरी परत आत गेली. त्या दिवशी कोणालाच गोड मिळालं नाही.

बोळात एकच खळबळ उडाली. "जो गोडावर वाकत नाही, तो खुनावर वाकेल होय?" न्हावी म्हणाला. टीव्हीवर एका कायदेतज्ज्ञाने सांगितलं, की पुडिंग खाणारी माणसं मुळात दयाळू असतात. दुसऱ्या दिवसापर्यंत गावात दोन तट पडले. लायल सुटावा असं वाटणारे पुडिंगवाले आणि अडकावा असं वाटणारे कॉबलरवाले. टोप्या छापून आल्या. पाद्रीबाबांनी दोन्ही पदार्थांसाठी प्रार्थना केली. धक्क्यावर त्या दिवशी काय झालं होतं, हा विषय मात्र मागे पडला, कारण त्यात नवीन काही घडत नव्हतं.

व्हर्लीन आता रडत नव्हती. "आमच्या लायलला लहानपणापासून पुडिंगच लागतं," ती दिसेल त्याला सांगायची. "देवानेच तो माणूस आत बसवलाय." मैत्रिणी घरून पातेलंभर पुडिंग करून आणायच्या आणि सगळ्याजणी मिळून प्रसाद खावा तशा खायच्या.

न्हाव्याने नेडिनसमोर कॉबलरची वाटी धरली. "घ्या. आम्ही तुमच्या बाजूचे आहोत."

"मला गोड नको," ती म्हणाली. "आत माझ्या भावाबद्दल काही बोलतायत का, तेवढं सांगा."

"ते आम्हाला कसं कळणार बाई? पण अकराजण कॉबलरवर ठाम आहेत."

शुक्रवार उजाडला. शुक्रवारी शाळेचा फुटबॉलचा सामना असतो, आणि त्या शुक्रवारी तो आमच्याच मैदानावर होता. ज्यूरीच्या फोरमनचा, म्हणजे प्रमुखाचा, पुतण्या संघात होता. सकाळीच दार वाजलं.

"एका माणसाला वेगळं गोड देण्याची परवानगी मिळावी. मिळाल्यास उरलेली चर्चाही पुढे सरकेल."

सरकारी वकिलांनी कराराकडे बोट दाखवलं. आरोपीच्या वकिलांनी राज्यघटनेकडे. शेवटी जजबाईंनी न्यायाच्या हितासाठी, हा पायंडा समजू नये या अटीवर, एक वाटी पुडिंग मंजूर केलं. होइट तबक घेऊन बोळातून निघाला तेव्हा लोक उठून उभे राहिले, पुरुषांनी टोप्या काढल्या. अकरा कॉबलर, एक पुडिंग.

"टिकला!" व्हर्लीनने मैत्रिणीला मिठी मारली. "शेवटपर्यंत टिकला माझा बाबा! जा गं, घरी जाऊन फ्रीजरमधली कोंबडी बाहेर काढून ठेव. लायल जेवायला असेल."

वाट्या रिकाम्या होऊन बाहेर आल्या आणि लगेच दार वाजलं.

दोषी. एकमताने.

पद्धतीप्रमाणे जजबाईंनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, हा तुमचाच निर्णय आहे ना? बारावा उभा राहिला तो चष्मा लावलेला किडकिडीत माणूस. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका होता. "होय, मॅडम," तो म्हणाला.

"पण तुम्हाला तर पुडिंग मिळालं ना?" व्हर्लीनने विचारलं. अगदी हळू विचारलं, दुकानात हिशेबाचं विचारावं तसं. होइटने तिला बसवलं. लायलने वळून आईकडे पाहिलं, तेवढ्यात त्याला आत नेलं. मला त्या वेळी तिच्याकडे बघवेना.

फोरमनने मला नंतर पायऱ्यांवर समजावलं. "कोणीतरी मोठं मन दाखवायलाच हवं होतं हो. आम्ही गोडावर दाखवलं, त्याने निकालावर." एवढं बोलून तो मैदानाकडे पळाला.

निकालपत्र वाचताना कारकुनाने मयताचं पूर्ण नाव घेतलं होतं. तेव्हा माझ्या मागच्या रांगेत न्हाव्याने शेजारच्याला विचारलं होतं, "हा कोण?"

बोळ रिकामा झाला तरी नेडिन बाकावर होती. "बातमीत त्याचं नाव घालाल ना?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, म्हणजे काय, घालणारच. घातलंही. शेवटच्या ओळीत घातलं, आणि पुडिंगच्या वाटीचा फोटो मोठा आल्यामुळे ती ओळ कापली गेली.

अंक निघाल्यावर आठवडाभर वाचकांचे फोन येत होते. डॉट पुडिंगमध्ये बिस्किटं कोणती घालते, असं विचारायचे. कोणी बाराव्या माणसाचा पत्ता मागायचं. एकाने सामन्याचा निकालही विचारला. मयताचं नाव काय, हे एकानेही विचारलं नाही. त्यांना तरी काय बोल लावायचा? तुम्हीही इथवर आलात, आणि तुम्हीही विचारलं नाहीत.