खिडकीवाले मन्मथअप्पा

मन्मथअप्पांना मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं, तेव्हा मी त्यांच्याशीच फोनवर बोलत होते. नांदेडला आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, कानात हेडफोन, आणि उदगीरचे अप्पा मला माझी एक चूक समजावून सांगत होते. मध्येच म्हणाले, "ताई, जरा दार उघडा." मला वाटलं, हे सॉफ्टवेअरमधलंच काहीतरी दार असेल. तेवढ्यात बेल वाजली.

दारात कपाळाला विभूती लावलेला, खांद्याला पिशवी आणि कानाला मोबाईल असा पन्नाशीचा गृहस्थ उभा. "शरणार्थ," ते हात जोडून नमस्कारादाखल म्हणाले आणि तोच शब्द माझ्या कानातल्या हेडफोनमधूनही आला. मी दचकून दोन पावलं मागं सरकले. सासूबाई लाटणं हातात तसंच धरून बाहेर आल्या.

अप्पांनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून दिली, बशीभर चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला आणि पुढच्या एसटीनं परत गेले. आलात कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "इतके दिवस बोलून राहिलो तुमच्याशी. माणूस खरंच हाय का न्हाई, बघावं म्हटलं."

आमची कंपनी आहेच तशी. तिला कचेरी नाही; ऑर्डरींची जुळवाजुळव मी घरूनच करते. मुखेडचं तुरीचं गोदाम, उदगीरची डाळ मिल, लातूरचा पॅकिंगवाला, देगलूरचे ट्रकवाले. एकट्याला झेपणार नाही अशी ऑर्डर आली की हे सगळे मिळून एक कंपनी होतात आणि माल पोचला की पुन्हा आपापले मोकळे. प्रत्येकाचा संगणक वेगळा, कामाची तऱ्हा वेगळी. दुसरा कोणी असता तर सगळ्यांच्या गळ्यात एकच सॉफ्टवेअर बांधलं असतं. अप्पा हैदराबादेत संगणक एकमेकांना जोडण्याचंच काम करून आलेले. त्यांनी प्रत्येकाला फक्त एक खिडकी काढून दिली. बाहेरून प्रश्न टाकायचा, माल तयार आहे का, ट्रक कधी निघेल, की आतून उत्तर येतं. एक खिडकी बंद पडली तर त्याच कामाची दुसरी जोडायची, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. अशा खिडकीला आमच्या धंद्यात 'सेवा' म्हणतात. नवीन माणसाला अप्पा पहिल्याच दिवशी बजावायचे, "खिडकीतच विचारायचं. घरात शिरायचं न्हाई."

आणि स्वतः सगळ्यांच्या घरात शिरायचे. देगलूरच्या ट्रकवाल्याकडं बारसं होतं, तिथं आमंत्रण नसताना पाळण्याची दोरी धरून उभे. लातूरचा पॅकिंगवाला अंघोळ करून बाहेर येतो तर सोप्यात अप्पा त्याच्या वडलांशी गप्पा मारत बसलेले. हे तुमच्याच नियमाविरुद्ध नाही का, असं मी एकदा विचारलं. "शिस्त मशीनला लावलीय ताई," ते म्हणाले, "मला कुठं लावली?"

आम्ही हसायचो. गेल्या हंगामात मात्र हसू आटलं.

मोठी ऑर्डर होती. एक दिवसाचा उशीर झाला तरी रद्द होणार होती. मुखेडच्या खिडकीनं 'माल तयार' असं उत्तर दिलं, माझ्या पडद्यावर सगळ्यांच्या नावापुढं हिरवे ठिपके लागले आणि देगलूरहून ट्रक निघाला. अप्पा सवयीप्रमाणं मुखेडला गेले होते. तिथून त्यांचा फोन आला. "ताई, गोदामाला कुलूप हाय."

मी म्हटलं, शक्यच नाही, आत्ता तर उत्तर आलंय.

"मी कुलपापुढंच उभा हाय."

मी खिडकीला पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर, माल तयार. गोदामाचे मालक विठ्ठलराव बायकोला घेऊन घाईघाईनं लातूरच्या दवाखान्यात गेले होते, हे शेजाऱ्यानं अप्पांना सांगितलं. आज पोती भरून होतीलच अशा हिशेबानं विठ्ठलरावांनी आधीच 'तयार' नोंदवून ठेवलं होतं. मग ते दवाखान्याकडं धावले, मजूर घरी गेले, तूर पोत्यात न भरता आत तशीच राहिली आणि चालू राहिलेला संगणक इमानेइतबारे तेच उत्तर देत बसला.

अप्पांनी तिथूनच सांगितलं, मुखेडच्या जागी उदगीरच्या दुसऱ्या एका गोदामाची खिडकी जोडा. मी जोडली. ट्रक तिकडं वळला, माल वेळेत गेला. मधल्या मध्ये एक गोदाम बदललं, हे मिलवाल्याला कळलंसुद्धा नाही. मी भलतीच खूश होते.

पुढं विठ्ठलरावांकडून जे कळलं, त्यानं मी सुन्नच झाले. अप्पा मुखेडहून घरी गेलेच नव्हते. ते थेट लातूरला दवाखान्यात जाऊन बसले होते. विठ्ठलरावांच्या बायकोला घरी सोडेपर्यंत डबा आणायचे, बाकावर झोपायचे. ऑर्डरचा विषय एका शब्दानं काढला नाही. आमच्या रोजच्या कॉलवर ते कॅमेरा बंद ठेवून तिथूनच बोलत होते. मागची गडबड मला त्यांच्या घरची वाटायची.

मध्यंतरी एका सकाळी अप्पा कॉलवर आले नाहीत. नावापुढं हिरवा ठिपका होता. मुखेडनंतर त्या ठिपक्यावर माझा विश्वास उरला नव्हता. फोनही लागेना. मी विठ्ठलरावांना कळवलं आणि आम्ही दोघं उदगीरच्या बसस्टँडवर भेटलो. तिथं उभं राहिल्यावर लक्षात आलं की अप्पांचं घर आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही. घरी कोण कोण असतं, तेही ठाऊक नाही.

विचारत विचारत पोचलो. अप्पांनीच दार उघडलं. पायाला पट्टी होती. एसटीतून उतरताना पडले होते, त्यातच मोबाईलही फुटला होता. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काय बंद पडलं?"

"काय बी न्हाई," विठ्ठलराव म्हणाले. "तुम्हाला बघायला आलो."

अप्पा दार धरून तसेच उभे राहिले. मग बाजूला झाले.

आत एक खाट, एक संगणक आणि भिंतीला लावलेली कोऱ्या खुर्च्यांची रांग. त्यांच्यावरचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, त्यावर धूळ बसली होती. घरात दुसरं कोणीही नव्हतं. मी बसायला गेले तर अप्पांनी थांबवलं.

"कंपनी सुरू केली तेव्हा घेतल्या," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "मीटिंगला लोक येतील म्हटलं."

कोणाला कोणाकडं जावंच लागू नये, अशी ती व्यवस्था त्यांनीच तर उभी केली होती.

अप्पा लंगडत वाकले आणि नखांनी प्लास्टिक फाडायला लागले. विठ्ठलराव मदतीला गेले, त्यांना हात लावू दिला नाही. दोन खुर्च्या मोकळ्या झाल्या, आम्ही बसलो. तिसरी अप्पांनी स्वतःसाठी सोडवली आणि चौथी ओढली.

"आम्ही दोघंच आहोत, अप्पा," मी म्हटलं.

"हाव," ते म्हणाले आणि तिचंही प्लास्टिक फाडत राहिले.